शॉवरसाठी पाइप: अर्धा इंची की पाऊण इंची?

बाथरूमचं नूतनीकरण करताना टाइल्स निवडायला आठवडे लागतात आणि पाइपचा साइज प्लंबर उभ्याउभ्या ठरवून टाकतो. टाइल्स आवडल्या नाहीत तरी चालवून घेता येतात. भिंतीत गाडलेला बारीक पाइप मात्र फोडाफोडीशिवाय बदलता येत नाही.

आधी प्रेशरचा हिशोब करा. टाकी गच्चीवर असेल तर पाणी फक्त उंचीच्या जोरावर येतं: 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 बार (प्रेशर मोजायचं एकक). सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब तिथल्या फरशीपासून 10 फूट, टाकीचा कट्टा 5 फूट आणि शॉवर 7 फुटांवर धरला, तर हाती उरते 8 फूट, म्हणजे जेमतेम 2.4 मीटर उंची. पाइप मोठा घातला म्हणून ही उंची वाढत नाही. वाटेत घर्षणात किती वाया जाते, एवढंच पाइपचा साइज ठरवतो.

आता सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारं प्लास्टिक) एसडीआर 11 पाइपची तुलना; एसडीआर 11 म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या 11 पट. अर्धा इंचीचा आतला व्यास सुमारे 12.4 मिमी, पाऊण इंचीचा सुमारे 18 मिमी. मिनिटाला 10 लिटर पाणी 10 मीटर सरळ पाइपमधून न्यायचं, तर अर्धा इंचीत जवळपास 1.9 मीटर उंची खर्च होते, पाऊण इंचीत 0.3 मीटर. वरच्या मजल्यावरच्या 2.4 मीटरमधून 1.9 गेले की शॉवर नुसता ठिबकणार. त्यात अर्धा इंचीचा प्रत्येक एल्बो (काटकोनी वळणाचा जोड) साधारण अर्धा मीटर जास्तीच्या पाइपइतका अडसर करतो.

मोठा रेन शॉवर मिनिटाला 20 लिटरपर्यंत मागू शकतो. तेव्हा याच अंतरात अर्धा इंची 7 मीटर खाते आणि पाऊण इंची 1.1.

मग सगळीकडे पाऊण इंचीच का नाही? कारण गरम पाणी. अर्धा इंचीत मीटरमागे 0.12 लिटर पाणी साठतं, पाऊण इंचीत 0.25. गीझर शॉवरपासून 8 मीटरवर असेल, तर गरम पाणी येण्याआधी एकात 1 लिटर थंड पाणी सोडावं लागतं, दुसऱ्यात 2 लिटर. गीझर त्याच बाथरूममध्ये असेल तर हा फरक विसरा.

म्हणून आमचं मत असं. टाकी गच्चीवर, पंप नाही आणि घर वरच्या दोन मजल्यांवर असेल, तर टाकीपासून गीझर आणि डायव्हर्टरपर्यंत (गरम-थंड पाणी मिसळून शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा भिंतीतला व्हॉल्व्ह) पाऊण इंचीच घ्या. डायव्हर्टरचे तोंड अर्धा इंची असेल तर रिड्यूसर (मोठा पाइप लहानाला जोडणारा तुकडा) अगदी शेवटी, ब्रास फिटिंगपाशी लावा. एवढ्या छोट्या तुकड्याने फारसा फरक पडत नाही. प्रेशर पंप असेल, शॉवर एकच आणि साधा असेल, तर अर्धा इंची पुरते. एकाच लाइनवर दोन बाथरूम एका वेळी चालणार असतील तर मुख्य लाइन एक इंची घेऊन फाटे पाऊण इंची काढा.

पीपीआर (सांधे तापवून जोडायचा प्लास्टिक पाइप) घेत असाल तर इथे हमखास चूक होते. पीपीआरचा 20 मिमी हा बाहेरचा व्यास असतो. पीएन 20 (20 बार प्रेशरच्या वर्गातल्या) पाइपमध्ये आतून फक्त 13.2 मिमी उरतात. म्हणजे तो पाऊण इंची नाही, अर्धा इंचीचाच भाऊ. पाऊण इंचीच्या तोडीचा हवा असेल तर 25 मिमी मागा.

जुनी इमारत असेल तर आधी गच्चीवरून येणारी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन बघा. ती आतून गंजून आवळली असेल, तर बाथरूममधला नवा पाइप कितीही मोठा असो, पाणी तेवढंच येणार. 10 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते जुन्या नळावर मोजा. 1 मिनिटापेक्षा जास्त लागला तर आधी वरची लाइन तपासायची.

पंप लावणार असाल तर गरम आणि थंड दोन्ही लाइन पंपानंतरच काढा. थंड पंपावर आणि गरम नुसत्या टाकीवर ठेवलं, तर थंड पाणी जोराने घुसून गरम पाणी दाबून टाकतं आणि शॉवर मधेच गार होतो. गीझर किती बारचा आहे तेही त्याच्या लेबलवर पाहून घ्या.

पाइपसाठी भिंतीत खोदलेली झिरी बुजवण्याआधी सॉल्व्हंट सिमेंट (सीपीव्हीसीचे सांधे चिकटवायचं द्रावण) वाळायला 24 तास द्या. मग टेस्ट पंप लावून नेहमीच्या प्रेशरच्या दीडपट प्रेशर भरा आणि काटा उतरतो का ते काही तास पाहा. उतरला तर सांधा शोधा; त्यावर टाइल लावू देऊ नका.