गुलमर्ग की औली? आठवड्याची सुट्टी स्कीइंगसाठी

प्रवासापासूनच फरक सुरू होतो. श्रीनगर विमानतळावरून गुलमर्ग साधारण दोन तासांत गाठता येतं. औलीसाठी मात्र हरिद्वार-ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठपर्यंतचा घाटरस्ता आहे, त्यात अख्खा दिवस जातो. म्हणजे येता-जाता सातातले दोन दिवस गाडीतच!

गुलमर्गची खरी श्रीमंती आहे गोंडोला, म्हणजे केबल कार. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा थेट अफरवत शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरवर. वरचा बर्फ भुसभुशीत, पिठासारखा. पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. पण तिथला उतार आखीव नाही, हिमस्खलनाचा धोका असतो, त्यामुळे गाईडशिवाय वर जाऊच नका. नवख्यांनी खालच्या सौम्य उतारांवरच सराव करावा.

औली लहान आहे, आणि शिकायला मला तेच आवडतं. उतार एका नजरेत मावतो, पडलात तरी प्रशिक्षक हाकेच्या अंतरावर असतो. गढवाल मंडल विकास निगमचे सात दिवसांचे कोर्सही असतात. समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी; सकाळी पहिलं ऊन शिखरावर पडतं तेव्हा बुटाचे बक्कल लावायचंही भान राहत नाही. अडचण बर्फाची: काही हिवाळ्यांत तो पुरेसा पडतच नाही. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि तिथला रोपवे बंद करावा लागला, म्हणून वर जायची सोय आधीच विचारून ठेवा.

पहिल्यांदाच स्की बांधणार असाल आणि बर्फ पडल्याची खात्री असेल, तर औली. मुलं सोबत असतील किंवा तारखा बदलता येणार नसतील, तर मी गुलमर्गच म्हणेन, फेब्रुवारीत.