परत पाठवलं म्हणून चार तारे

2022 च्या जानेवारी ते ऑगस्ट या काळात मी आमच्या भागातल्या महापालिकेच्या कोरोना लसीकरण केंद्रात पाच खेपा घातल्या. मुलगा दहावीत होता, त्याच्या दोन. मुलगी सहावीतून सातवीत गेली, तिच्या तीन. तिची पहिली खेप फुकट गेली, आणि तारे मी मुख्यतः त्याच खेपेला देतेय. केंद्र म्हणजे पुण्यातल्या एका महापालिका शाळेचे तळमजल्यावरचे तीन वर्ग होते. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, दुपारी एक ते चार बंद असतं, त्यामुळे कुठे किती वेळ गेला ते मी मिनिटावर सांगू शकते.

15 ते 18 च्या मुलांना लस देणार हे पंतप्रधानांनी 25 डिसेंबर 2021 च्या रात्री जाहीर केलं आणि 3 जानेवारीला लस सुरूही झाली. मधल्या आठवड्यात आमच्या घरात जेवढी वादावादी झाली तेवढी माझ्या लग्नाच्या बोलणीतही झाली नव्हती. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, मुलांना देणार त्या कोव्हॅक्सिन लशीची लहान मुलांवरची चाचणी झाली ती 525 जणांवर. एवढ्या मोठ्या देशात पाचशे पंचवीस! आणि मुलांना हा आजार हलकाच जातो, मग घाई कसली?" वन्सं इंग्लंडमध्ये, लीड्सला असतात. त्यांनी फोनवरून भर घातली. तिकडच्या लस समितीनेच सप्टेंबरात 12 ते 15 च्या धडधाकट मुलांना सरसकट लस द्या म्हणायला नकार दिला होता. मग सरकारच्या मुख्य डॉक्टरांनी मुलांची शाळा बुडते हाही मुद्दा धरून द्या म्हटलं. त्यांच्या मुलाला शाळेतच फायझर टोचली, पण वन्संना रात्रभर झोप नव्हती, कारण हृदयाला सूज येते असं कुठेतरी वाचलेलं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दोनच पार्ट्या. एक म्हणणार लस न घेणाऱ्यांची पोरं लिफ्टमध्ये नकोत, दुसरी म्हणणार आमची पोरं प्रयोगाचे उंदीर नाहीत. मला दोन्हीकडे बसवेना. भाऊजींचा प्रश्न खोटा नव्हता, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

म्हणून आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, हृदयाच्या सुजेचा प्रकार फायझरसारख्या एम-आरएनए लशींचा, बहुतेक तरुण मुलग्यांमध्ये आणि तोही क्वचित. कोव्हॅक्सिन मेलेल्या विषाणूची, बनवायची पद्धतच वेगळी. तुमच्या मुलाचा फायदा किती? थोडा. सासूबाईंना त्याच्याकडून लागण होणारच नाही अशी हमी? नाही. "पण मार्चमध्ये त्याची बोर्डाची परीक्षा आहे ना? मग दोन्ही डोस फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकून घ्या." मला हे बोलणं पटलं, कारण त्यात कुठे ढोल वाजत नव्हते.

10 जानेवारीला गेलो. गेटवर टोकन, पहिल्या वर्गात कॉम्प्युटर, दुसऱ्यात टोचणी, तिसऱ्यात अर्धा तास बसणं. आधारकार्ड नसेल तर शाळेचं ओळखपत्र चालत होतं, ही चांगली सोय. टोकन ते टोचणी पन्नास मिनिटं, त्यातली पस्तीस कॉम्प्युटरपुढे, कारण तिथे एकच ताई आणि मुलांच्या मोबाइलवरचा ओटीपी येईपर्यंत सगळी रांग त्या मुलाकडे बघत उभी. टोचणी मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. मी सुईवाली बाई, मला हात बघायची सवय. सिस्टरांचा हात हलत नव्हता. अर्धा मिली, डावा दंड, कापूस, आणि सुई टेबलावरच्या त्या कापायच्या यंत्रात. कट्ट. पुढचा.

तिसऱ्या वर्गात एक गडबड झाली. तिथल्या एका माणसाने सगळ्यांना सांगून टाकलं की घरी जाऊन पॅरासिटामॉलच्या तीन गोळ्या, आठ-आठ तासांनी एक. ताप असो नसो. आदल्या आठवड्यातच कोव्हॅक्सिन बनवणाऱ्या भारत बायोटेकने जाहीर केलं होतं की कोव्हॅक्सिननंतर पॅरासिटामॉल किंवा दुखणं मारायची गोळी घ्यायची शिफारस नाही. काही केंद्रं मुलांना पाचशेच्या तीन गोळ्या घ्यायला सांगतात हे कानावर आल्यामुळेच कंपनीने ते निवेदन काढलं होतं. मी मोबाइलवर बातमी दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, मला वरून जे सांगितलं ते मी सांगतो." तारे कापायचा विचार पहिल्यांदा तिथे आला. चिरंजीवांचा दंड दोन दिवस दुखला, ताप आला नाही, गोळी दिली नाही. दुसरा डोस 7 फेब्रुवारीला, तोवर त्या माणसाच्या मागे छापलेली सूचना लावली होती आणि गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. 15 मार्चला तो पेपरला बसला, त्याच्याच शाळेत, अर्धा तास जादा घेऊन. दोन वर्षं मोबाइलवर शिकलेली पोरं ऐंशी मार्कांचा पेपर हाताने लिहिताना बोटं कशी आखडतात ते मी घरी बघत होते, आणि त्यापुढे लशीने दुखलेला दंड काहीच नव्हता.

आता ती फुकटची खेप.

16 मार्चपासून बारा वर्षांवरच्यांना कॉर्बेव्हॅक्स ही दुसरी लस सुरू झाली. माझी मुलगी जुलै 2010 ची. त्याच सुमारास एका उन्हाळी शिबिराचा फॉर्म आला: जन्मसाल 2010 किंवा आधीचं असेल तर लशीचं प्रमाणपत्र जोडा. तिच्या तिन्ही मैत्रिणी जाणार होत्या. तिला बारा पूर्ण नाहीत हे मला कळत नव्हतं असं नाही. पण नोंदणीच्या पोर्टलवर जन्माचं फक्त साल विचारत होते. 2010 टाकलं आणि वेळ मिळाली! मग मी मनाशी म्हटलं, कॉम्प्युटरला चालतंय तर आपण कोण?

23 तारखेला गेलो. टोचणीच्या वर्गात सिस्टर बाटली उघडायला तयार नव्हत्या. एका बाटलीत वीस डोस, उघडली की काही तासांत संपवायची, आणि मुलं जमली होती अकरा. त्या वेळात त्यांनी सगळ्यांचे आधारकार्ड मागून घेतले. माझ्या मुलीचं कार्ड हातात धरून बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै.

"साडेतीन महिने कमी आहेत ताई."

मी पोर्टलचा मेसेज दाखवला. त्या म्हणाल्या, "त्याला साल कळतं, महिना नाही कळत. महिना बघायचं काम माझं." मी शिबिराचं सांगितलं. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या, एक तर म्हणाली द्या हो, काय फरक पडतो. सिस्टर तिच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "तुमच्या दुकानात कुणी म्हटलं अर्धा इंच कमी कापा, काय फरक पडतो, तर?" माझ्या गळ्यात टेप तशीच लटकत होती, ती मला तेव्हा दिसली.

मुलगी तर खूश, टोचलं नाही म्हणून. मी रिक्षाचे ऐंशी रुपये आणि दुपार गेली म्हणून धुसफुसत घरी आले. संध्याकाळी दुकानात बसल्यावर राग उतरला. कित्येक महिने सगळ्या बाजूंनी "सुरक्षित आहे", "सुरक्षित नाही" असं ओरडणं ऐकलं होतं. ज्या वयाला मंजुरी नाही त्या वयाच्या पोरीला, समोर आई हट्ट करत असताना, पंचवीस माणसांच्या रांगेपुढे नाही म्हणणारी बाई मला पहिल्यांदा भेटली होती. भाऊजींना सांगितलं तर ते नुसतं "अच्छा" म्हणाले. त्यांच्या तोंडून "अच्छा" म्हणजे पुष्कळ झालं.

शिबिराचं म्हणाल तर आठवड्याने गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्यातले निर्बंधच उठले, मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. तरी शिबिरवाले प्रमाणपत्रावर अडून. ती गेली नाही. 2 मे रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, लस घ्यायची सक्ती कुणावर करता येणार नाही म्हणून. तो ग्रुपवर अर्धा फिरला. त्याच निकालात मुलांच्या लसीकरणाचं सरकारी धोरण कोर्टाने चुकीचं ठरवलं नाही, हा दुसरा अर्धा दुसऱ्या पार्टीने फिरवला. चाचण्यांची माहिती लोकांसाठी खुली करा असंही कोर्टाने म्हटलं होतं. ते मात्र दोघांनीही गाळलं, आणि माझ्या मते भाऊजींच्या प्रश्नाला तेच सगळ्यात जवळचं होतं.

वाढदिवस झाल्यावर 20 जुलैला पुन्हा गेलो. तेव्हा केंद्रात झुंबड, कारण 15 तारखेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना बूस्टर पंचाहत्तर दिवसांसाठी फुकट केला होता. मोठ्यांची रांग जिन्यापर्यंत. मुलांचा वर्ग वेगळा ठेवला होता, लशी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून, आणि ते नीट पाळत होते. मोठ्यांच्या रांगेत कोण, तर आमचे भाऊजी. मी बघितलं तसे म्हणाले, "मी काय लहान मूल आहे का?" खरंच आहे, त्यांचा वाद मुलांपुरताच होता.

सिस्टर त्याच. ओळखलं वगैरे काही नाही, रोज शंभर पोरं बघायच्या. कार्ड घेतलं, पुन्हा पेरांवर मोजलं, आणि या वेळी बाटली आधीच उघडलेली होती. मुलगी डोळे मिटून बसली. कट्ट. दुसरा डोस 17 ऑगस्टला, टोकनपासून तिसऱ्या वर्गापर्यंत बावीस मिनिटं, कॉम्प्युटरपुढे आता दोन ताया.

तेव्हा मुलांना न्यायचं तर साडेदहाच्या आत किंवा तीननंतर गेलेलं बरं पडायचं, मधे बाटलीसाठी मुलं जमेपर्यंत बसावं लागायचं. पाणी घरून न्यावं लागायचं. आधारकार्ड मूळ न्यावं लागायचं, मोबाइलमधला फोटो सिस्टर बघत नसत.

पाचवा तारा मी गोळ्यांसाठी कापणार होते, पण ते त्यांनी सुधारलं. तो कापलाय बाथरूमसाठी. मुलांना अर्धा तास बसवून ठेवायचे आणि बाथरूमला कुलूप. किल्ली शिपाईकाकांकडे, आणि पाचही खेपांना शिपाईकाका चहाला गेलेले.