प्रोस्टेटचा कर्करोग: चीर देऊन शस्त्रक्रिया की रोबोटने?

रोबोट स्वतःहून काहीही कापत नाही, हे आधी सांगायला हवं. दा विंची नावाच्या रोबोट यंत्रात सर्जन थोड्या अंतरावरच्या कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलाशी, बसतो आणि त्याच्या बोटांची हालचाल छोट्या छिद्रांतून आत गेलेली उपकरणं करतात. हाताचा कंप गाळला जातो, आतलं दृश्य मोठं आणि त्रिमितीय दिसतं. ओटीपोटाच्या अरुंद जागेत टाके घालताना ही फार मोलाची सोय. चीर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत रक्त जास्त जातं, पण सर्जनला बोटांनी चाचपता येतं.

आणि परिणाम? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला दोन्हींची थेट तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १२ आठवड्यांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. रोबोटच्या गटात रक्तस्राव मात्र कमी.

म्हणून माझ्या मते यंत्रापेक्षा सर्जनचा अनुभव आधी बघावा. "अशा किती शस्त्रक्रिया केल्यात?" हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. रोबोटची उपकरणं ठरावीक वापरांनंतर बदलावी लागतात, त्यामुळे बिल वाढतं. केवळ यंत्रापायी कुटुंबाने कर्ज काढावं, असं मला अजिबात वाटत नाही.