११ महिने, १४,६०० किलोमीटर आणि रिक्षाची बॅटरी

३ सप्टेंबरला सकाळी साडेसहा वाजता आमची गाडी माहेरच्या अंगणात, चिपळूणला, मेली. आदल्या दिवशी गौरी-गणपती गेलेले. साताऱ्याला परतायचं होतं, मुलाची शाळा दुसऱ्या दिवशी. किल्लीचं बटण दाबलं, काही नाही. दाराच्या मुठीला हात लावला, काही नाही. रात्री झोपताना ॲपवर ९१ टक्के चार्ज दिसत होता. म्हणजे साताऱ्याला जाऊन जवळजवळ परत येता येईल एवढी वीज पोटात, आणि बाईसाहेब दारसुद्धा उघडेनात.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सर्व्हिस सेंटरशी झालेलं भांडण आहे. शिवाय जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना लागू आहे. ४५ युनिटची बॅटरी, पाच माणसांची क्रॉसओव्हर (साध्या कारपेक्षा जरा उंच), फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतली. बाकीचे आकडे ही गाडी बघणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात.

तर, किल्लीच्या पोटात एक लोखंडी पाती असते. ती काढायची, मुठीवरचं प्लास्टिकचं टोपण नखाने उचकटायचं आणि आपल्या वडलांच्या काळी उघडायचो तसं दार उघडायचं. हे सगळं पुस्तिकेत आहे, आणि पुस्तिका गाडीत आहे. फोनवर शोधून केलं. बॉनेटचा खटका तारेवरचा असल्याने तो उघडला. डिकी विजेवरची, ती नाही उघडली. डिकीत आईने दिलेले नारळ, कोकम आणि सासूबाईंची गुडघ्याची औषधं.

बॉनेटखाली बघितलं तर एका कोपऱ्यात साधी, काळी, शिशाची बॅटरी. बारा व्होल्टची. डिझेल गाडीत असायची तशीच, आकाराने जरा लहान. मला खरंच माहीत नव्हतं की ती असते. शोरूममधल्या मुलाने आठ वर्षांच्या वॉरंटीचं गुणगान अर्धा तास केलं, ते मोठ्या बॅटरीचं. या धाकटीचा उल्लेख नाही.

व्यवहार असा आहे. मोठी बॅटरी काही शे व्होल्टची, म्हणून गाडी बंद असताना सुरक्षेसाठी तिला बाकीच्या गाडीपासून तोडून ठेवतात. जोडणारे स्विच ओढायला बारा व्होल्ट लागतात. कुलपं, दिवे, स्क्रीन, सगळे कॉम्प्युटरही त्याच बारा व्होल्टवर. गाडी चालू झाली की मोठी बॅटरी धाकटीला भरते, पण गाडी चालू करायची तर आधी धाकटीत जीव हवा. कोठार धान्याने भरलेलं आणि किल्ली आतल्या खुंटीला, तशातली गत.

हेल्पलाइन म्हणाली, गाडी उचलून न्यायला ट्रक पाठवतो, चार तास लागतील. तेवढ्यात समोरचा रिक्षावाला चहाला जाता जाता थांबला. मला लहानपणापासून ओळखतो. त्याने रिक्षा पुढे घेतली, सीटखालून केबल काढल्या, लाल लालला लावली. दोन मिनिटांत स्क्रीन उजळली. "ताई, वीस लाखाची गाडी नि उठवायला माझी रिक्षा?" असं म्हणून तो इतका हसला की पैसे घ्यायचंच विसरला. मी आठवण केली तर रागावला. वर बाबांना म्हणाला, "पुढच्या वेळी रिक्षानेच जा म्हणावं."

त्या दिवशी घाट चढताना मी कुणाशी बोलले नाही. गाडी कुठेही बंद करायची नाही, असा माझा हुकूम होता. पाटणला चहासाठी थांबलो तेव्हाही एकजण आलटून पालटून आत बसून होता.

खरं तर कुंभार्ली घाट हेच ही गाडी आवडण्याचं माझं पहिलं कारण होतं. मार्चमध्ये पहिल्यांदा उतरलो तेव्हा घाटमाथ्यावर होता त्यापेक्षा दोन टक्के जास्त चार्ज पायथ्याशी होता. ब्रेकला पाय जवळजवळ लागलाच नाही. मुलाने गणित मांडलं: माणसं-सामान धरून दोन हजार किलो, पाचशे मीटर उंची, म्हणजे पावणेतीन युनिट. त्यातलं काही रस्त्याने खाल्लं, उरलेलं परत मिळालं. कोयनेचं पाणी याच डोंगरातून पोफळीला उतरून वीज करतं, आम्हीही त्याच धंद्यात, फक्त किरकोळीत. चढताना अर्थात भरपाई होते, त्याच घाटाला दहा टक्के जातात. पण चार माणसं, सामान आणि चालू एसी घेऊन गाडी ज्या निवांतपणे चढते ते आमच्या जुन्या डिझेलला कधी जमलं नाही. आणि सासूबाईंना बसायला-उतरायला ही उंची अगदी बेताची आहे. जुन्या गाडीतून त्यांना ओढून काढावं लागायचं. त्या या गाडीला नावं ठेवत नाहीत, आणि त्या नावं ठेवत नाहीत अशा फार थोड्या गोष्टी आमच्या घरात आहेत.

आता भांडण. साताऱ्यात आल्यावर सर्व्हिस सेंटरला गाडी दिली. तपासून "बॅटरी ओके" असा शेरा मारून परत दिली. मी विचारलं, ओके असेल तर मेली कशी? उत्तर: "मॅडम, गाडी उभी राहिली असेल." आठ दिवस उभी होती, हे खरं. पण गाडी उभी राहू नये अशी अट असेल तर ती विकताना सांगायची.

दिवाळीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुन्हा तेच झालं, या वेळी सहाच दिवसांत. चार्जिंगची गन गाडीला लावलेली होती आणि तीही आत अडकली. आता मात्र मी सगळा कागद घेऊन गेले. मी बँकेत नोकरी करते, तक्रार कशी लिहायची हे मला गेली बावीस वर्षं समोरच्या बाजूने माहीत आहे. तारीख, वेळ, किलोमीटर, कोण काय म्हणालं. त्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि मग मॅनेजरने मला एक फोटो दाखवला: डॅशकॅम. नवऱ्याने तो एप्रिलमध्ये बाहेरून बसवून घेतला होता, गाडी उभी असतानाही चित्रण चालू राहील अशी थेट जोडणी करून. तो रात्रंदिवस धाकट्या बॅटरीवर जगत होता. त्यामुळे वॉरंटी लागू नाही, नवीन बॅटरीचे पाच हजार आठशे आणि मजुरी वेगळी.

इथवर मी कंपनीला शिव्या देत होते. घरी येताना निशाणा बदलला.

नवरा म्हणाला, एवढासा कॅमेरा काय खाणार? मग दुसरी गोष्ट बाहेर आली. ॲप उघडून चार्ज किती आहे ते बघितलं की झोपलेली गाडी जागी होते, उत्तर देते आणि पुन्हा झोपायला वेळ घेते. तेवढा वेळ तिचे कॉम्प्युटर बारा व्होल्टवर चालतात. गणपतीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला यांनी ॲप दाखवलं होतं. माजघरात बसून कुलूप लाव, कुलूप काढ, तिकडे वरच्या आळीत, चुलत्यांच्या अंगणात, गाडीचे दिवे लुकलुकतायत, पोरं टाळ्या वाजवतायत. दिवसातून वीस वेळा तरी. आरतीपेक्षा जास्त.

तरीही सगळा दोष आमचा, हे मी मान्य करत नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच सेंटरने एक सॉफ्टवेअर अपडेट टाकलं. त्यानंतर गाडी उभी असतानाही अधूनमधून मोठी बॅटरी धाकटीला भरते. म्हणजे हे करता येत होतं. मोठीत ४५ युनिट पडून असताना धाकटीला उपाशी मरू देणं हा ग्राहकाचा दोष कसा? हा प्रश्न मी लेखी विचारला. उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." बॅटरी मी पोवई नाक्यावरच्या दुकानातून घेतली, त्याच मापाची, जुनी परत देऊन चार हजार तीनशेला. दुकानदाराने काढलेल्या जुन्या बॅटरीला मीटर लावून दाखवला आणि मान हलवली. कॅमेऱ्याची जोडणी बदलून घेतली, आता गाडी बंद की तोही बंद.

आता पैशाचं बोलू, कारण गाडी मी त्याच्यासाठीच घेतली. माझ्या वहीप्रमाणे ११ महिन्यांत १४,६०० किलोमीटर, २,१५० युनिट. त्यातले १,७२० घरी, ४३० बाहेर. घरचं युनिट वरच्या बाजूने दहा रुपये धरते, बाहेरचं जीएसटीसकट तेवीस. एकूण सत्तावीस हजारांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला एक रुपया शहाऐंशी पैसे. जुनी डिझेल किलोमीटरला पाच रुपये खायची, त्र्याहत्तर हजार झाले असते. बचत सेहेचाळीस हजार. पेट्रोल क्रॉसओव्हरपेक्षा तीन लाख जास्त मोजले, ते या हिशेबाने साधारण सहा वर्षांनी फिटतील. त्यातून बॅटरीचे चार हजार तीनशे वजा. मी वजा केलेत.

घरच्या मीटरवर चार्ज करू नका, हे मात्र सांगते. पहिले दोन महिने आम्ही केलं. महिन्याला दीडशे युनिट वाढली की तीनशेच्या वरच्या टप्प्यात जातो आणि फ्रीज-पंख्याची वरची युनिटंही महाग पडतात. महावितरणकडून गाडीसाठी वेगळा मीटर घेतला. सोसायटीच्या सभेत त्यावरून दीड तास चर्चा झाली, आग लागेल का, केबल कुठून जाईल, उद्या सगळ्यांनीच मागितला तर? तो दीड तास मी कुणालाच सांगत बसत नाही. मीटर मिळाला.

सरकारी सवलतींबद्दल मी जरा कडवट आहे. रस्ता कर माफ झाला, ते छान. पण कर्जाच्या व्याजावरची आयकरातली ८०ईईबी कलमाची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच, ती गाडी चुकली. टोलमाफीची बातमी वाचून नवरा खूश झाला होता. ती राज्याच्या धोरणातली, अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी. आम्ही जातो पुण्याला, आणि आनेवाडी अन् खेड-शिवापूरला फास्टॅग नेहमीसारखाच कापला जातो. वर २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला आणि पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या. इलेक्ट्रिकवर आधीपासून पाच टक्केच, तिथे कमी काय होणार? आम्ही ज्या पेट्रोल गाडीवर फुली मारली होती तिची नवी किंमत मी बघितली. बघायला नको होती.

आणि ती चार्जिंगची ॲपं! माझ्या फोनमध्ये सहा आहेत. प्रत्येकाचं वेगळं पाकीट, प्रत्येकात आधी पैसे भरायचे, आणि उरलेले तिथेच पडून. परवा बेरीज केली, सातशे त्रेचाळीस रुपये अडकलेत. पेट्रोलपंपावर कधी कुणी म्हणालंय का, आधी आमच्याकडे खातं उघडा, मग नळी देतो?

चार्जिंगला बाहेर एवढंच लक्षात ठेवा की गन ६० किलोवॅटची असली तरी शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी ताकद वाटून जाते, आणि ८० टक्क्यांनंतर वेग असा मंदावतो की थांबण्यात अर्थ नाही.

चिपळूणला वेगळीच कथा. घरी पंधरा अँपिअरचा प्लग आहे, पण पोर्टेबल चार्जर लावला की लाल दिवा. अर्थिंग नाही. जांभ्या दगडाची जमीन, उन्हाळ्यात कोरडीठाक. वायरमनने नवीन खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरलं, आणि एप्रिलमध्ये बाबा रोज त्यात तांब्याभर पाणी ओतत होते, तुळशीला घालून झालं की. तेव्हा दिवा हिरवा झाला.

बाबांना गाडीबद्दल एकच शंका होती. २२ जुलै २०२१ चा पूर त्यांनी माळ्यावर बसून काढलाय, भिंतीवरची खूण अजून पुसू देत नाहीत. मी त्यांना सांगितलं, मोठी बॅटरी आयपी ६७ आहे, मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. ते म्हणाले, "अर्धा तास? पाण्याला सांगून ठेव मग." तेव्हापासून पावसाळ्यात गाडी वरच्या आळीत, चुलत्यांच्या अंगणात. ते आठ दिवस उभी होती तीही पाऊस धरून राहिला म्हणूनच, नाहीतर रोज बाजारात गेली असती आणि हे सगळं झालंच नसतं. तीन तारखेच्या सकाळीच तर खाली आणून सामान भरलं होतं नवऱ्याने, सहाच्या सुमारास, आणि बंद करून चहाला आला होता. पुन्हा उठली नाही. शेवटचा श्वास तेवढाच होता बहुतेक.

भाऊ आता गाडी घ्यायची म्हणतोय, पुण्यात असतो, रोजचा साठ किलोमीटरचा प्रवास. त्याला म्हटलं, घे. पण शोरूममध्ये मोठ्या बॅटरीबद्दल एक शब्द विचारू नकोस. विचार की बारा व्होल्टची कुठे आहे, तिची वॉरंटी किती, आणि गाडी उभी असताना ती कोण भरतं. समोरचा गडबडला तर दुसऱ्या शोरूमला जा.

आमच्या डिकीत आता केबलचा संच आहे. डिकीत नाही, चुकलं, मागच्या सीटखाली. डिकी उघडत नाही ना. दर रविवारी मुलगा साडेतीनशे रुपयांचा मीटर लावून आकडा कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या हिशेबाखाली. आज १२.५ आहे. नवऱ्याने आठवड्यात ॲप दोनदाच उघडलं, असं त्याचं म्हणणं आहे.