गाडीतली दुसरी बॅटरी चार्ज करायला: रिले की डीसी-डीसी चार्जर?
रिले म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप चालू-बंद होणारा स्विच. स्वस्त, जोडायला सोपा. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की टक् आवाज करून दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतंच. गोची नव्या गाड्यांत होते. त्यांचा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर) मध्येच व्होल्टेज पाडतो आणि दुसरी बॅटरी अर्धपोटी राहते.

डीसी-डीसी चार्जर महाग, पण आत येणारं व्होल्टेज पडलं तरी बाहेर १४.४ देतो. वायर मात्र दोन्हीकडे जाडच हवी आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज. इथे कंजुषी नको!

जुनी गाडी, लेड-ॲसिड बॅटरी, रोजचा प्रवास असेल तर रिले पुरे. लिथियम किंवा स्मार्ट अल्टरनेटर असेल तर चार्जरच घ्या.