चित्र उचलायचं की घडवायचं?

रंगवलेल्या चित्राचं हलतं डिजिटल शिल्प करायचं ठरवलं की दोन वाटा समोर येतात. एक, चित्रावरून डेप्थ मॅप, म्हणजे कुठला भाग किती जवळ वा दूर हे सांगणारी करड्या छटांची प्रतिमा, काढून तिच्यानुसार सपाट मेश (बिंदू-रेषांची जाळी) पुढेमागे उचलायची. दुसरी, चित्र शेजारी ठेवून आकृती मुळापासून स्कल्प्ट करायची, म्हणजे डिजिटल मातीसारखी घडवायची. मी दोन्ही एकाच चित्रावर करून पाहिल्या: डच चित्रकार व्हर्मीरची, सुमारे १६६५ सालची, मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी. दोन्ही वेळा ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअरच वापरलं, त्यामुळे फरक निव्वळ पद्धतीचा.

डेप्थ मॅपचं काम एका संध्याकाळी उरकलं. आधी गालावर पायऱ्या पडल्या, कारण मॅप ८ बिटचा होता आणि त्यात खोलीच्या जेमतेम २५६ पातळ्या मावतात. १६ बिटचा घेतल्यावर गाल गुळगुळीत झाला. कॅमेरा जरासा सरकवला आणि ती मुलगी खरंच खोलीत बसलीय असं वाटलं. इतक्या कमी कष्टात एवढं मिळतं, हे मोठंच आहे.

मग कॅमेरा आणखी बाजूला नेला. फेट्याची निळी कड रबरासारखी ताणून मागच्या काळोखाला जाऊन चिकटली. ती जागा हाताने रंगवून बुजवली, तर पाच अंश पुढे गेल्यावर नवी ओढ दिसली. पुन्हा बुजवली, पुन्हा तेच. चित्रात एकाच जागेवरून दिसणारं तेवढंच आहे. कडेमागे काही नाहीच, मग सॉफ्टवेअर शेवटचा रंग ओढत नेतं. त्यात नाकाची वेगळीच अडचण. व्हर्मीरने नाकाच्या दांड्याला पलीकडची रेघच दिलेली नाही, नाक उजळ गालात मिसळून जातं. माझ्या डेप्थ मॅपने ते दोन्ही एकच पृष्ठभाग धरले आणि नाक गालात बसलं. मी तिथेच थांबलो.

दृश्यचित्र असेल, कॅमेरा दहा-पंधरा अंशांपलीकडे जाणार नसेल, तर मात्र पहिली वाट बहुधा पुरेल. तिथे महिनाभर खपण्यात अर्थ नाही.

स्कल्प्टिंगला मला तीन आठवडे लागले. त्यातला निम्मा वेळ रिटोपॉलॉजीत, म्हणजे घडवलेल्या आकारावर नीटनेटकी जाळी नव्याने बसवण्यात गेला, कारण पापण्यांभोवती जाळीची वर्तुळं नीट नसतील तर शेप की (जाळीचा साठवून ठेवलेला दुसरा आकार) लावून डोळा मिटताना कातडी चुरगळते. टेक्स्चर, म्हणजे चित्रातले रंग, समोरून आकृतीवर प्रोजेक्ट केलं, पण रंगवलेल्या सावल्या आधी फिकट कराव्या लागल्या. नाहीतर मान वळली की सावलीही बरोबर वळते. नाकाचा दांडा कुठून जातो हे मलाच ठरवावं लागलं. दोन दिवस तेवढ्यातच गेले, आणि त्या दोन दिवसांत ते चित्र मला जितकं कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं.

हे चित्र नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरिट्सहाउसमध्ये आहे. त्या संग्रहालयाने २०२० मध्ये तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, त्यात साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पापण्यांचे केस सापडले; ते मी बसवले. मोत्याला अडकवायला आकडीच नाही, तो पांढऱ्या रंगाच्या काही फटकाऱ्यांनी उभा केलेला आहे. मीही आकडी केली नाही. मोती वेगळा ऑब्जेक्ट ठेवून कानाच्या पाळीखालच्या बोनला (आकृती हलवणाऱ्या डिजिटल हाडाला) जोडला. आता डोकं वळून थांबतं आणि मोती नंतर क्षणभर हेलकावत राहतो. डेप्थ मॅपमध्ये तो मानेला चिकटलेलाच होता.