सिलिकॉनची पट्टी की क्वार्ट्झचा काटा? एका अणूचे बल मोजण्यापूर्वी

अणुबल सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे कंप पावणाऱ्या अणकुचीदार टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या यंत्राने, दोन अणूंमधील बल मोजायचे ठरवलेल्या पुण्यातल्या संशोधक विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न संवेदकाचा असतो: नेहमीची सिलिकॉनची कॅन्टिलीव्हर (एका बाजूला जखडलेली, टोक असलेली पट्टी) घ्यावी, की क्यूप्लस हा क्वार्ट्झचा संवेदक? बल थेट दोन्हींत वाचता येत नाही. कंपनाची वारंवारता किती सरकली हे नोंदवून ते गणिताने काढावे लागते. खरा फरक ताठरतेत आहे.

जुन्या बाजारातून आणलेले एक बंद घड्याळ मी हौसेने उघडले होते. भाताच्या शिताएवढी धातूची नळी सोलल्यावर आत क्वार्ट्झचा दोन पायांचा इवलासा स्वरकाटा दिसला, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. चिमटा जरा जास्त दाबला आणि त्याचा एक पाय मोडला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्झ गीसिबल यांनी १९९०च्या दशकात अशाच काट्याचा एक पाय घट्ट जखडला आणि दुसऱ्यावर टोक बसवले; तोच क्यूप्लस. या टोकवाल्या पायाची ताठरता मीटरमागे सुमारे १,८०० न्यूटन असते, तर सिलिकॉनच्या नेहमीच्या पट्टीची ४०च्या आसपास.

अणूंमध्ये बंध जुळू लागला की नॅनोमीटरच्या दहाव्या भागात बल झपाट्याने बदलते आणि मऊ पट्टी पृष्ठभागावर जाऊन आदळते. ते टाळण्यासाठी सिलिकॉनची पट्टी कित्येक नॅनोमीटर आयामाने (मध्यापासून एका बाजूला जाण्याच्या अंतराने) हलवतात. मात्र मग टोक प्रत्येक फेरीत बहुतेक वेळ लांबच राहते आणि समोरच्या एका अणूच्या ओढीत संपूर्ण टोकाची व्हॅन डर वाल्स ओढ (सर्वच अणूंमधली लांबवर पोहोचणारी क्षीण ओढ) मिसळते. क्यूप्लस ५० पिकोमीटर आयामावरही, म्हणजे हायड्रोजन अणूच्या व्यासाच्या निम्म्या अंतरात, स्थिर राहतो. त्याची किंमत संकेतात मोजावी लागते: आयाम नगण्य धरला, तर मीटरमागे १ न्यूटन इतक्या बल-उतारासाठी (अंतरागणिक बल बदलण्याच्या दरासाठी) ३०० किलोहर्ट्झची सिलिकॉन पट्टी ३,७५० हर्ट्झ सरकेल, तर ३० किलोहर्ट्झचा क्यूप्लस जेमतेम ८ हर्ट्झ. एवढासा बदल टिपायचा तर तापमान ढळू न देणारी, शक्यतो द्रव हेलियमने थंड केलेली यंत्रणा हवी.

म्हणून सिलिकॉनला कमी लेखू नये. २००७ मध्ये ओसाकातील गटाने सिलिकॉनच्याच पट्टीने, सामान्य तापमानाला, सिलिकॉन, कथिल आणि शिसे यांचे अणू बलावरून वेगळे ओळखले. क्यूप्लसच्या बाजूने २००८ चा आयबीएमचा प्रयोग आहे: कोबाल्टचा एक अणू सरकवायला प्लॅटिनमवर २१० पिकोन्यूटन लागले, तांब्यावर अवघे १७.

अतिनिर्वात (हवा जवळजवळ पूर्ण काढलेली पोकळी) आणि हेलियमची सोय असेल, धातूच्या टोकातून विद्युतप्रवाहही मोजायचा असेल, तर माझे मत निःसंशय क्यूप्लसकडे आहे. नमुना पाण्यात ठेवायचा असेल, किंवा थंड यंत्रणाच नसेल, तर सिलिकॉन घ्यावे. पट्टीची हालचाल टिपणारा लेसर जुळवण्यात सकाळ गेली तरी चालेल.

क्यूप्लस मागवताना ताठरतेचा आकडा कसा काढला हे मात्र विचारून घ्यावे. टोक चिकटवताना एपॉक्सी गोंद पायाच्या बुडाशी पसरला, तर ताठरता बदलते, आणि तिच्यात दहा टक्के चूक असेल तर बलातही दहा टक्केच येते, आलेख कितीही देखणा असला तरी.